बाद ठरविलेल्या डावांची कैफियत

गेल्या मे महिन्यात पुण्यातील एका शालेय स्पर्धेत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीच्या पटाशेजारी मी बराच वेळ उभा होतो. तिने किंग्ज गॅम्बिट मांडले होते आणि पहिल्या बारा खेळ्या अशा झपाट्याने केल्या होत्या, की तिच्या घड्याळातील दोन मिनिटेही खर्ची पडली नव्हती. तेराव्या खेळीस मात्र समोरच्या मुलाने हत्तीपुढचे प्यादे, उगाच वाटावे असे, एक घर पुढे सारले, आणि ती जी अडली ती तब्बल वीस मिनिटे पेन्सिल चावीत बसली. डाव गेला. तिच्या शिक्षकांनी नोंदीच्या कागदावरून नजर फिरविली आणि फर्मान सोडले, "अगं, हे गॅम्बिट मोठे खेळाडू आता खेळतच नाहीत. बाद झालंय ते." तेराव्या खेळीस तिच्या मनात काय चालले होते, हे कोणी विचारले नाही. प्रस्तुत कैफियत त्या 'बाद' शब्दाविरुद्ध आहे.

एके काळी या गॅम्बिटाचा अंमल निरंकुश होता. राजापुढील प्यादे दोन घरे टाकावे, लगोलग त्याच्या शेजारचे उंटापुढील प्यादे प्रतिपक्षाच्या तोंडी द्यावे, आणि प्रतिपक्षाने ते घेणे हा आपल्या इभ्रतीचा प्रश्न समजावा, अशी एकोणिसाव्या शतकातील युरोपची रीत होती. 1851 साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट व अखेरीस वजीरही अर्पण करून जी मात केली, ती याच मांडणीतून. पुढे स्टाइनिट्झने बचावाचे शास्त्र उभे केले, दिलेले प्यादे निमूटपणे घ्यावे व योग्य वेळी सव्याज परत करावे हे लोकांस उमगले, आणि गॅम्बिट मागे पडले. 1960 साली मार देल प्लाता येथे स्पास्कीकडून याच गॅम्बिटात पराभूत झालेल्या बॉबी फिशरने पुढच्याच वर्षी लेख लिहून त्याचे समूळ खंडन केल्याची द्वाही फिरविली. तथापि 1963 च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत खुद्द त्यानेच पांढऱ्या मोहऱ्यांनी ते मांडले आणि डाव जिंकला, ही गोष्ट त्या लेखाचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

माझे म्हणणे असे, की डावाच्या मांडण्या खंडनाने क्वचितच मरतात. त्यांची वहिवाट तेवढी सुटते, आणि ती सुटण्याची कारणे पटावर जितकी असतात तितकीच पटाबाहेरही असतात. 1927 साली ब्यूनोस आयर्स येथे कापाब्लांका व अलेखिन जगज्जेतेपदासाठी 34 डाव खेळले, आणि त्यांतील 32 डावांत क्वीन्स गॅम्बिट नाकारण्याची एकच मांडणी अवतरली. जगात दुसरे काही खेळण्याजोगे उरले नव्हते असे थोडेच आहे? दोघांनाही परस्परांचा धाक होता आणि दोघेही ओळखीच्या पाऊलवाटेवरून हलायला तयार नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच सुमारास रेटी, निम्झोविच, ग्रुनफेल्ड प्रभृती बंडखोरांनी असा सिद्धान्त मांडला, की पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असे नाही. घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून, त्याच्या मागे उंट बसवून, दुरूनही त्यावर हुकमत चालविता येते. युरोपला हे अपूर्व वाटले. वास्तविक 1850 च्या दशकात कलकत्त्यास जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी मोहेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ नेमके असेच डाव खेळत होते, आणि कॉक्रेनने ते टिपून ठेवले म्हणून आज उपलब्ध आहेत. आपल्याकडच्या जुन्या नियमांत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. त्यामुळे सावकाश फौज जमवावी, शत्रूला मध्यात येऊ द्यावे आणि मग बगलेवरून घाला घालावा, ही युक्ती इथल्या खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. ज्या खेळास तिकडच्या पंडितांनी अनियमित म्हणून दफ्तराच्या तळाशी टाकले होते, त्यालाच पुढे 'किंग्ज इंडियन' असे भारदस्त नाव मिळाले, ब्रॉन्स्टाइन व बोलेस्लाव्स्की यांनी त्याला सोव्हिएत राज्यात प्रतिष्ठा दिली, आणि 1953 च्या झुरिक स्पर्धेत तर त्याचा सुकाळ झाला. अडाणी ठरलेली रीत शंभर वर्षांनी शास्त्र झाली. मोहेशचंद्रांस मात्र त्याचे मानधन पोचले नाही.

बर्लिन बचावाची हकिकत याहून मौजेची आहे. त्यात आठव्या खेळीसच वजिरांची मारामारी होते, काळ्या राजाचा किल्लेकोट करण्याचा हक्क जातो, आणि पाहणाऱ्यास वाटते की काळ्याने आपण होऊन जप्ती ओढवून घेतली. एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेला हा बचाव अडगळीत पडला होता. 2000 साली लंडनमध्ये क्रामनिकने तो कास्पारोव्हपुढे चार वेळा मांडला व चारही वेळा बरोबरी साधली. पंधरा डावांत एकही विजय न मिळता कास्पारोव्हचे जगज्जेतेपद गेले. कास्पारोव्हचे सामर्थ्य वजीर पटावर असताना प्रकट होई, आणि क्रामनिकने वजीरच उचलून नेले! बचाव जुना होता, त्याला गिऱ्हाईक नवे भेटले. आणि हा बचाव केवळ भिंत आहे असे ज्यांना वाटते त्यांनी 2024 च्या टोरांटो येथील कॅन्डिडेट्स स्पर्धेतील दुसऱ्या फेरीचा डाव पाहावा. नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी, बर्लिनमधूनच, उंटाचे बलिदान देऊन नाकामुरास नमविले.

आता संगणकाने सर्व हिशेब चुकते केले आहेत. पूर्वी एखादी मांडणी खोटी असेल या भयाने खेळाडू ती टाळीत. आज संगणक बहुतेक सर्व शहाण्या मांडण्यांस बरोबरीचा दाखला देतो, म्हणून अग्रगण्य खेळाडू अंशमात्र फायद्याच्या मागे न लागता प्रतिपक्षाने घरी घोकून न ठेवलेली जागा शोधू लागला आहे. 2018 साली जगज्जेतेपदासाठी कार्लसन व करुआना यांचे लंडनमधील बाराही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा अनेकांनी बुद्धिबळाचे श्राद्ध घातले. मला तो शोक अस्थानी वाटला. सगळ्याच वाटा सारख्या ठरल्या, तर आवडीची वाट धरण्यास कोणाची परवानगी हवी? आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील वर्गांत मात्र मुलांना यंदाच्या मांडण्यांच्या छापील याद्या पाठ करायला देतात, आणि पुढच्या वर्षी त्याच याद्या रद्द करून नव्या देतात; यात शिकवणीची फी वसूल होत असेल, पण तेराव्या खेळीनंतर मूल एकटेच असते.

12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध चौदाव्या व अखेरच्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून, मागे उंट बसवून, ग्रुनफेल्डचीच मांडणी रंग उलटवून घेतली. त्या मांडणीने त्याला तारले नाही की बुडविलेही नाही. चार तासांहून अधिक काळ डाव चालला, पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि मूठभर प्यादी उरली, गुकेशचे प्यादे काय ते एक जास्त होते. आणि 55 व्या खेळीस डिंगने हत्ती दुसऱ्या ओळीत नेला.