धावेला वंशावळ कशाला?

मंडईत गावठी अंड्यांना, गावठी कोंबडीला आणि गावठी कोथिंबिरीला आपण आनंदाने दोन पैसे अधिक मोजतो. ‘गावठी’ म्हणजे कसदार, चवीला अस्सल, अशी आपली खात्री असते. हाच शब्द कुत्र्याच्या मागे लागला की मात्र त्याचा अर्थ एकदम पालटतो. मग ‘गावठी’ म्हणजे फुकटचे, बेशिस्त, उंबरठ्याबाहेरचे. या शब्दाचे वजन किती असते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने अलीकडेच घेतला.

आमच्याकडील चिंगी पाच वर्षांची आहे. घराजवळच्या एका बांधकामावर पावसात भिजत पडलेले पिल्लू कन्येने उचलून आणले. आई निखळ गावठी. वडील बहुधा पलीकडच्या बंगल्यातील लॅब्रॅडॉर असावेत, असे तिच्या रुंद कपाळावरून आम्ही अनुमान काढले आहे. कन्येने तिला अ‍ॅजिलिटी या क्रीडाप्रकारासाठी तयार करण्याचे मनावर घेतले. घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती आपण पाहिल्या असतील. हा खेळ त्यावरूनच सुचलेला. आडवे दांडे ओलांडणे, बोगद्यातून जाणे, उतरत्या छपरासारखी फळी चढून उतरणे, खाली-वर होणाऱ्या सी-सॉवरून तोल सांभाळत चालणे आणि ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी धावणे, हे सारे मालकाच्या इशाऱ्यावर, चूक न करता व कमीत कमी वेळात करायचे असते.

साधने विकत घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या बाजारातून प्लॅस्टिकचे पाइप आणले, प्लायवूडची फळी सुताराकडून करवून घेतली आणि इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत दररोज पहाटे अभ्यास सुरू झाला. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत दांडा जमिनीलगतच ठेवायचा, हे पशुवैद्यांनी बजावले होते. त्यामुळे पहिले वर्ष उंच उडी नाहीच. काठ्यांच्या दोन समांतर ओळी करून प्रथम मधून सरळ धावायला शिकवायचे आणि मग आठवड्यागणिक त्या ओळी बोटभर जवळ आणायच्या. शेवटी दोहोंची एकच ओळ होते आणि कुत्र्याला वळणे घेतल्यावाचून गत्यंतर उरत नाही. याला आम्हांस सात महिने लागले.

सर्वांत कठीण गेले ते फळीवरून उतरणे. फळीच्या टोकाला पिवळा पट्टा रंगवलेला असतो आणि त्यावर पंजा टेकल्यावाचून खाली उतरले तर गुण कापतात. हा नियम कुत्र्याच्या सांध्यांच्या रक्षणासाठी आहे. चिंगीला मात्र वरूनच झेप घेण्याची हौस. शेवटी पुढचे दोन पाय जमिनीवर आणि मागचे दोन फळीवर ठेवून क्षणभर थांबायचे, अशी सवय पनीरच्या तुकड्यांच्या साहाय्याने लावली. गावठी रक्ताच्या कुत्र्याचा एक स्वभाव येथे सांगितला पाहिजे. लॅब्रॅडॉर एकच गोष्ट वीस वेळा तितक्याच उत्साहाने करतो. चिंगी चौथ्या वेळी बसकण मारते आणि दूर कोठेतरी पाहू लागते. तिला शिकवायचे तर पाच मिनिटांत शिकवून संपवावे लागते. कन्या घड्याळ लावून थांबायला शिकली. बारावीच्या अभ्यासात तिने एवढी शिस्त दाखवली असती तर, असे तिच्या आईचे मत आहे. असो.

दोन वर्षांच्या अभ्यासानंतर आम्ही शहरातील एका श्वान-क्लबच्या स्पर्धेसाठी नाव नोंदवायला गेलो. गृहस्थ सौजन्यशील होते, चहाही झाला. मग त्यांनी विचारले, “कागद आहेत का?” वंशावळीचे प्रमाणपत्र, हा त्याचा अर्थ. नाही म्हटल्यावर त्यांनी चिंगीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “बाळ, कुत्री छान आहे, पण ही स्पर्धा जातिवंतांची असते.” कन्येने विचारले, “काका, एकदा तिची धाव तरी पाहता का?” ते नाही म्हणाले. परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. चिंगी मात्र मान बाहेर काढून वारा खात होती.

क्लबाची बाजू काय, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली आणि अमेरिकन केनेल क्लब १८८४ साली स्थापन झाला, तो वंशावळींच्या नोंदी ठेवण्यासाठी आणि प्रदर्शने भरवण्यासाठी. रूपप्रदर्शनात कुत्रा आपल्या जातीच्या ठरावीक आदर्शाशी किती जुळतो, एवढेच तपासतात. तेथे जात ठाऊक नसेल तर परीक्षकाने पाहायचे तरी काय? प्रदर्शनाच्या रिंगणात कागद मागण्याला म्हणूनच आमची हरकत नाही. मुधोळ किंवा कारवान यांसारख्या देशी जातींच्या नोंदी नीट राहाव्यात, हे तर हवेच आहे.

परंतु अ‍ॅजिलिटी हे रूपप्रदर्शन नव्हे. या खेळाचा जन्मच मुळी प्रदर्शनाच्या मधल्या रिकाम्या वेळात झाला. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया येथे भरलेल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधील वेळ भरून काढण्यासाठी आयोजकांपैकी जॉन व्हार्ले यांनी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने हा खेळ उभा केला. येथे कान उभे की पडलेले, हे कोणी विचारत नाही. मोजली जाते ती खांद्याची उंची, कारण त्यानुसार दांड्याची उंची ठरते. त्यानंतर फक्त चुका आणि सेकंद. फूटपट्टी आणि घड्याळ यांपैकी वंशावळ वाचता येते कोणाला?

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९८६ साली स्थापन झालेल्या अ‍ॅजिलिटी संघटनेने संमिश्र रक्ताच्या कुत्र्यांना घेतले. अमेरिकन केनेल क्लबने मात्र १९९४ साली आपल्या स्पर्धा सुरू केल्या तेव्हा दार शुद्ध वंशापुरतेच उघडले. ते सर्वांसाठी उघडायला २०१० साल उजाडले आणि तेव्हाही संमिश्र कुत्र्यांना घ्यायचे की नाही, हे स्थानिक क्लबांच्या मर्जीवर सोडले गेले. या औदार्यामागे प्रवेशशुल्काचा विचार नसेलच, असे आम्ही म्हणणार नाही. वेस्टमिन्स्टरच्या १८७७ पासून चालत आलेल्या प्रतिष्ठित प्रदर्शनाने २०१४ साली अ‍ॅजिलिटीची स्पर्धा सुरू केली, तीत संमिश्र कुत्रेही धावले. आणि मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कला या स्पर्धेचे अजिंक्यपद ‘निंबल’ या बॉर्डर कोली व पॅपिलॉन यांच्या संकरातून जन्मलेल्या लहानशा कुत्रीने २८.७६ सेकंदांत पटकावले. संमिश्र रक्ताच्या कुत्र्याने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या वर्षी तिच्याच मालकिणीचा शुद्ध वंशाचा बॉर्डर कोली विजेता ठरला होता. म्हणजे हात तोच, शिकवण तीच.

अर्थात निंबलचे उदाहरण देऊन रस्त्यावरील प्रत्येक कुत्रा अजिंक्य ठरेल, असे सांगणे भाबडेपणाचे होईल. बॉर्डर कोली आणि पॅपिलॉन यांचा संकर आता तेथे खेळासाठी मुद्दाम घडवला जातो. वेगात चिंगी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण आम्ही चषक मागत नाही आहोत. शंभरात नव्वदावा क्रमांक येण्याचा अधिकार मागत आहोत.

‘गावठी कुत्रे शिकत नाही’ हा आक्षेपही वारंवार ऐकू येतो. १९५७ साली अंतराळात गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची होती. थंडी, भूक सोसलेली कुत्री अधिक टिकाव धरतील, असा सोव्हिएत शास्त्रज्ञांचा हिशेब होता. १९६० साली अंतराळातून सुखरूप परतलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्काही तशाच. लायकाचे जे झाले ते आठवले की मन विषण्ण होते, हेही खरे. आपल्याकडे उत्तराखंड पोलिसांनी २०१९ च्या सुमारास ‘ठेंगा’ नावाचा रस्त्यावरचा कुत्रा प्रशिक्षण देऊन श्वानपथकात घेतला. पोलिसांना जे चालते, ते रविवार सकाळच्या खेळाला का चालू नये?

क्लबांना सावधगिरी बाळगायची असेल तर मार्ग आहेत. लसीकरणाचा दाखला मागावा, ओळखीसाठी मायक्रोचिप मागावी. संमिश्र कुत्र्यांची नसबंदी झालेली असण्याची अट घालायची असेल, तर तीही खुशाल घालावी. आपल्या शहरांची स्थिती पाहता ती उपयोगाचीच आहे. स्वभावाची चाचणी घ्यावी, पण ती सर्वांचीच घ्यावी. कागद असलेले कुत्रेही चावतात.

अशा आशयाचे पत्र कन्येने फेब्रुवारीत त्या क्लबकडे दिले आहे. स्पर्धेच्या दृष्टीने कुत्र्याची उमेदीची वर्षे मोजकी असतात. आठ-नऊ वर्षांनंतर उडीचा दांडा खाली आणावा लागतो. चिंगीच्या हाती तीन-चार हंगाम आहेत. पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. पहाटे पाच वाजता मात्र ती पट्टा तोंडात धरून कन्येच्या दाराशी उभी असते.