व्हीएफओ सरकतो? चिप टाक की राव!

मंडळी, हा सल्ला आता पुरे. अशर फरहान यांच्या २००३ च्या बिटएक्सवर लोक साध्या एलसी ऑसिलेटरनेच बोलले ना?

राहात्यात मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा. एलसीचा गुणाकार अंशाला १०० पीपीएमने वाढला की फ्रिक्वेन्सी ५० पीपीएमने घसरते. ४ मेगाहर्ट्झच्या व्हीएफओत हे झाले २०० हर्ट्झ, आणि तेही एकाच अंशाला! मग समोरचा बदकासारखाच बोलणार.

स्वस्तातले डिस्क सिरॅमिक आधी उपटा. एनपीओ लावा, जोडीला थोडं पॉलिस्टायरिन. कॉइल तापली की इंडक्टन्स वाढतो, पॉलिस्टायरिनची कपॅसिटी घटते. सप्लाय रेग्युलेटेड हवा, वर थर्मोकोलचा डबा. (मिठाईचा नको, पातळ असतो!)

एसआय-५३५१ कमी सरकते, मान्य. पण तिचाही क्रिस्टल तापतोच की. तो किती सरकतो, मोजलंय कुणी?