कडेवरचे नाव



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतले तात्या घरी आले. तात्या रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. चहा येईपर्यंतही त्यांना दम नव्हता. हातातली रुमालाची पुरचुंडी सोडून त्यांनी दोन बिल्ले समोर ठेवले. आपल्याकडची जुनी माणसे लष्करी पदकाला बिल्लाच म्हणतात. एक ब्राँझचा, काळपट पडलेला. दुसरा चांदीचा, लखलखीत. दोन्हींवर एका बाजूला राजा पंचम जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही साले.

काळपट बिल्ला तात्यांच्या आजोबांचा. पहिल्या महायुद्धात ते मजूर पलटणीतून बसऱ्याला गेले होते. चांदीचा बिल्ला तात्यांनी महिन्यापूर्वी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून विकत आणला होता. त्याच्या कडेवर एका शिपायाचे नाव आणि १११ महार या पलटणीचा उल्लेख होता. जमवलेल्या पेन्शनमधले पैसे मोजून तात्यांनी तो घेतला. का, तर विहाराच्या वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायचा, पोरांना दाखवायचा.

“दुकानदार म्हणाला, हा तांब्याचा बिल्ला हमालाचा आहे, मामुली आहे. तो मला द्या, चांदीवाला थोड्या कमी पैशात देतो,” तात्या सांगू लागले. “मी कबूल झालो होतो. पण आईने ऐकलं नाही. म्हणाली, मामंजींचा बिल्ला उंबऱ्याबाहेर गेला तर मी जेवणार नाही.”

तात्यांच्या आईंचे वय नव्वदीच्या पुढे. त्यांनी हट्ट धरला म्हणून ते ब्राँझ घरात राहिले. पण मग तात्या आज का आले होते? तर त्यांचा पुतण्या टर्नर आहे. त्याने दोन्ही बिल्ले हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, “काका, ही कड बरोबर नाही.” त्याने व्हर्नियर लावला. ब्राँझचे पदक कुठूनही मोजा, ३६ मिलिमीटर भरत होते. चांदीचे मात्र कुठे साडेपस्तीस, कुठे त्याहून किंचित जास्त. हे पदक चांदीचे असो वा ब्राँझचे, त्याचा व्यास ३६ मिलिमीटरच असतो. मग अर्धा मिलिमीटर चांदी गेली कुठे?

ती कानशीने गेली होती. कडेवर आधी दुसऱ्याच कुणाचे तरी नाव होते. ते घासून काढले, कड पुन्हा गुळगुळीत केली आणि त्यावर नवे नाव घातले.

या व्यवहाराविषयी आज लिहायचे आहे, कारण असे बिल्ले आपल्या कितीतरी घरांतल्या ट्रंकांत आहेत. आता ते विकत घेणारेही आपल्यात तयार झाले आहेत. जुनी पदके जमवणाऱ्यांना, मग ते लंडनचे असोत की मुंबईचे, सर्वांत मोठी धास्ती याच लबाडीची असते.

आधी हे समजून घेऊ की नावाला एवढे महत्त्व का. ब्रिटिश अमदानीतल्या बहुतेक युद्धपदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण घातलेली असते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचे पदक सर्व हुद्द्यांच्या सैनिकांना दिले गेले आणि कडेवर प्रत्येकाचे नाव घातले गेले. तीच रीत पुढे चालली. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक लाखोंनी वाटले गेले. वस्तू म्हणून ती सगळी सारखीच. फरक फक्त कडेवरच्या त्या एका ओळीचा. म्हणून साध्या पलटणीतल्या माणसाचे पदक स्वस्त, नामांकित पलटणीतल्याचे महाग. आणि म्हणूनच लबाड माणूस स्वस्त नाव घासतो आणि महाग नाव घालतो.

आता विचार करा, हे स्वस्त नाव कुणाचे असते? हमालाचे, खेचरवाल्याचे, भिस्त्याचे, पालखी-डोली वाहणाऱ्याचे, साध्या शिपायाचे. धातूतसुद्धा भेद होताच. १८९५ च्या इंडिया मेडलमध्ये लढणाऱ्यांना चांदी आणि सोबतच्या नोकर-वाहकांना ब्राँझ होते. पहिल्या महायुद्धातही मजूर पलटणींतल्या पुष्कळांना तेच पदक ब्राँझमध्ये मिळाले. तात्यांच्या आजोबांच्या वाट्याला ब्राँझ का आले, याचे उत्तर त्यात आहे.

आपल्या लोकांचा पलटणीशी संबंध जुना. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ती उघडावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. युद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. म्हणजे १११ महार ही पलटण जेमतेम चार वर्षांची. तिच्या शिपायांची पदके मुळातच थोडी. आणि मागणी मात्र वाढते आहे, कारण आपण आपला इतिहास शोधू लागलो आहोत. ही चांगली गोष्ट आहे. पण जिथे मागणी तिथे नक्कल, हा बाजाराचा नियम आपल्या भावनेसाठी थांबत नाही.

कोरेगावचेच उदाहरण घ्या. त्या लढाईचेही पदक आहे. ‘आर्मी ऑफ इंडिया’ असे त्याचे नाव. त्यावर लढाईच्या नावाची आडवी पट्टी असते आणि अशा एकवीस पट्ट्यांमध्ये कोरेगावची एक आहे. मात्र हे पदक देण्याचे ठरले १८५१ मध्ये, म्हणजे लढाईनंतर तेहतीस वर्षांनी. तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच. तेव्हा कोरेगावच्या स्तंभावर लढाईत पडलेला म्हणून ज्याचे नाव कोरले आहे, त्याच वीराचे पदक म्हणून कुणी तुम्हाला काही विकू लागला, तर हात जोडा आणि दुकानाबाहेर पडा. त्या माणसाला हे पदक मिळणे शक्यच नव्हते.

लबाडीचे मुख्य प्रकार तीन. पहिला, वर सांगितलेला, नाव बदलण्याचा. त्यात कड पातळ होते, व्यास घटतो आणि जिथे अक्षरे तिथे किंचित सपाटी किंवा खोलगटपणा दिसतो. अक्षरांकडेही पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नाव ठशांनी ठोकून उमटवलेले असते. तात्यांच्या चांदीच्या पदकावरची अक्षरे सुईसारख्या हत्याराने कोरलेली निघाली. पण कोरीव अक्षर दिसले की लगेच खोटे ठरवू नका. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदी पलटणींच्या कितीतरी अस्सल पदकांवर वळणदार कोरीव नावेच आहेत. कोणत्या पदकाला कोणती रीत, हे आधी माहीत हवे.

दुसरा प्रकार पट्ट्यांचा. अस्सल पदकावर जास्तीची पट्टी चढवायची, म्हणजे किंमत वाढते. तिथे रिबिटी पाहाव्यात. त्या ओबडधोबड असतील, नव्या चकचकीत असतील, किंवा पट्टीला डाख दिलेला असेल, तर संशय घ्यावा. शिवाय ती पलटण त्या लढाईत होती का, हे ताडून पाहावे.

तिसरा प्रकार ओतीव नकलांचा. खरे पदक नाण्यासारखे ठशांनी पाडलेले असते. नक्कल साच्यात ओततात. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल किंचित लहान येते. चेहऱ्याची कड बोथट असते, पृष्ठभागावर बारीक पुरळ किंवा भोके दिसतात आणि कडेवर कधीकधी साच्याची शिवण दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश सैनिकांना तारे आणि पदके नाव न घालताच दिली गेली. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र पाठीमागे नाव उमटवलेले असे. त्यामुळे बाजारात कोरे तारे भरपूर आहेत आणि कोऱ्या ताऱ्यावर एखादे नाव उमटवायला कानससुद्धा लागत नाही. तिथे धातू मोजून काही कळत नाही, कागदच पाहावा लागतो.

तो कागद कुठे? कुणाला कोणते पदक मिळाले याच्या याद्या होत असत. त्यांतल्या पुष्कळ आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत. नंबर, नाव आणि पलटण ही तिन्ही यादीशी जुळली पाहिजेत. नावाच्या स्पेलिंगवर मात्र अडून बसू नका. आपली नावे इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिली आहेत. महायुद्धात कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे मिळतात. महार रेजिमेंटमधल्या माणसाविषयी मध्य प्रदेशातील सागरच्या रेजिमेंट केंद्राकडे पत्र घालून विचारता येईल.

आणि एक उलटी सूचनाही द्यायला हवी. प्रत्येक फरक म्हणजे लबाडी नव्हे. फीत जीर्ण होते, लोक नवी लावतात. हरवलेल्या पदकाऐवजी सरकारने दुसरे दिलेले असते. काही पदके लंडनला पाडली, काही कलकत्त्याच्या टाकसाळीत, त्यामुळे कडीच्या घडणीत फरक येतो. कुणाच्या आजीने कडी काढून बिल्ला माळेत ओवलेला असतो. ती खाडाखोड खरी, पण फसवणूक नाही. ती त्या घराची गोष्ट आहे, ती तशीच सांगावी.

आता जरा आपल्या हातांविषयी. पदकांचे सर्वांत जास्त नुकसान लबाडांनी केले असे नाही. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा देशोदेशी ढिगांनी पदके वितळवली गेली. आपल्याकडेही अडीअडचणीला बिल्ला सराफाकडे गेला असेल. भुकेपुढे कुणाला बोल लावायचा? पण आज जे शिल्लक आहे ते आपण स्वतःच घासतो. चिंच, राख, विटेचा भुगा किंवा पितळेची पावडर लावून दरवर्षी चकाकी आणली की कडेवरचे अक्षर दरवर्षी थोडे झिजते. कानस जे एका दिवसात करते, ते चिंच पन्नास वर्षांत करते. काळे पडले तर पडू द्या. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, एवढे पुरे.

विकायची वेळ आलीच तर आधी कडेचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि घरातल्या सर्वांना विचारा. शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर धाडण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या. विकत घ्यायचे असेल तर व्हर्नियर बरोबर न्या. आपल्या वस्तीत टर्नर-फिटर पोरांना तोटा नाही.

तात्या त्या दिवशी बराच वेळ चांदीचा बिल्ला बोटांत फिरवत बसले होते. पैसे बुडाल्याचे दुःख होतेच. दुकानदाराने हात वर केले होते. पण ते बोलले वेगळेच. म्हणाले, “आपल्या पलटणीचं नाव घालायला त्यांनी कुणाचं नाव घासलं असेल? तोही कुणाचा तरी आजोबाच ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या माणसाचा नंबर गेला, नाव गेले, गाव तर कडेवर नसतेच. यादीत तो कुठेतरी असेल, पण त्याच्या नातवंडांच्या हाती त्याची खूण आता कधीच येणार नाही.

मग आम्ही ब्राँझचा बिल्ला उजेडात धरला. पुतण्याने भिंगातून एकेक अक्षर वाचले, मी वहीत उतरवून घेतले. नंबर, आजोबांचे नाव, मजूर पलटण. तो कागद घेऊन तात्या घरी गेले आणि आईला वाचून दाखवला. नाव ऐकताच आजींनी डोक्यावर पदर घेतला. त्या काळच्या सुनेने सासऱ्यांचे नाव कधी तोंडाने घेतले नव्हते. मग हळूहळू त्या बोलू लागल्या. मामंजी बसऱ्याला जहाजातून पोती उतरवायचे, तिथल्या उन्हाने पायांची कातडी निघाली होती, परत आले तेव्हा सोबत एक घोंगडी आणि हा बिल्ला. तात्यांनी हे सारे पहिल्यांदाच ऐकले. त्याच कागदाच्या मागे त्यांनी ते लिहून ठेवले.

विहाराच्या वाचनालयातल्या काचेच्या पेटीत येत्या पौर्णिमेला ब्राँझचाच बिल्ला ठेवायचे ठरले आहे, खाली तो कागद. चांदीचाही शेजारी ठेवणार आहोत, त्याची कड कशी घासली आहे हे पोरांना दाखवायला.

तुमच्याही ट्रंकेत असा बिल्ला असेल तर या रविवारी बाहेर काढा. घासू नका. कडेवरचे नाव कागदावर उतरवा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचून दाखवा. उशीर करू नका.