फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल आधी काढा, मग कंपाइल करा



डीटीपीचं काम सुरू करणारे मला हमखास विचारतात, "सर, जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू 18.04 आहे. त्यात स्क्रायबसचं नवं व्हर्जन मिळत नाही. सोर्स कोडवरून टाकू का?" कसं टाकायचं ते व्हिडिओत बघा. टाकावं का, ते इथे बोलू. माझं मत स्पष्ट आहे: टाकता येतं, पण तो शेवटचा पर्याय.

गरज मात्र खरी आहे

18.04 सोबत स्क्रायबसची 1.4 मालिका येते. इंग्रजी व्हिजिटिंग कार्डाला ती चालते, सीएमवायके पीडीएफही देते. पण मराठी टाइप करा आणि बघा. 'निमंत्रण' मधली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, 'प्रारंभ' मधला प्र फुटतो. अशी पत्रिका कोण घेईल? जोडाक्षरं नीट बसवणारी सोय 1.5 मालिकेत आली आणि 2024 च्या सुरुवातीला 1.6 हे स्थिर व्हर्जन आलं. म्हणजे मराठी काम करायचं तर नवं व्हर्जन हवंच. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा पर्याय मी धरतच नाही. धंद्याचा पाया चोरीच्या मालावर घालायचा नसतो.

मग खर्च कुठे आहे?

सोर्सवरून टाकायचं म्हणजे आधी कंपायलर, सीमेक, क्यूटी, हार्फबझ, कैरो अशी सगळी सामग्री जमवायची. जुन्या सिस्टिममधली क्यूटी जुनी निघाली, तर आधी तीच नवी करायला घ्यावी लागते. एक गाठ सोडवली की दुसरी पुढे येते. चार जीबी रॅमच्या मशीनवर एकाच वेळी जास्त कामं लावली, तर मशीन गोठतं.

बीबीएला आम्हाला अपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली होती, ती इथे लावा. समजा तुमचा तास 150 रुपयांचा आहे आणि या खटपटीत 12 तास गेले. 1,800 रुपये झाले! त्यात थोडी भर घातली तर रॅम किंवा एसएसडी येत नाही का? हा हिशेब कागदावर मांडा.

माझा क्रम असा

आधी स्क्रायबसची अ‍ॅपइमेज करून बघा. एकच फाइल, चालवायची परवानगी दिली की झालं. जुन्या सिस्टिमवर ती कधी कधी अडते, पण बघायला दहा मिनिटं पुरतात.

नाही चालली तर सिस्टिमच नवी करा. उबुंटू 24.04 मध्ये 1.6 मालिका थेट मिळते. मशीन कमजोर असेल तर हलकं लुबुंटू घ्या. शिवाय 18.04 चा मोफत नेहमीचा सपोर्ट 2023 मध्येच संपलाय. त्यावर नवं स्क्रायबस बसवलं म्हणून जुनी सिस्टिम सुरक्षित होत नाही. त्या मशीनवर बँक आणि जीएसटीचं काम नकोच.

कधी प्रिंटरचा किंवा कटिंग प्लॉटरचा ड्रायव्हर फक्त जुन्या सिस्टिमवरच चालतो. तिथे सोर्सवरून टाकणं मला पटतं.

टाकणारच असाल तर

- हंगाम टाळा. लग्नसराईत हा प्रयोग नको.
- नवं व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, जुनं काढू नका.
- फाइलींची कॉपी आधी पेनड्राइव्हवर घ्या. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्या 1.4 मध्ये उघडत नाही.
- प्रत्येक कमांड वहीत लिहा. उद्या मशीन बिघडलं तर ती वहीच तुमचा इंजिनिअर.
- वेळेची मर्यादा ठरवा. दोन संध्याकाळी गेल्या, जमलं नाही, तर थांबा.

शिकायची हौस असेल तर जरूर करा, त्यातून खूप कळतं. फक्त तो वेळ शिक्षणाच्या खात्यात लिहा, धंद्याच्या नाही. गिऱ्हाईक तुम्ही सॉफ्टवेअर कसं टाकलं हे विचारत नाही. त्याला पत्रिका शुद्ध आणि वेळेवर हवी असते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशेब चोख ठेवा!