प्रभाग कुठला, मामा?

घरात एखादं शाळकरी पोर असेल आणि तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसून पगार मिळवत असाल, तर त्याच्या प्रोजेक्टचे तुम्ही कायमचे कंत्राटदार! ‘जरा नेटवरून काहीतरी काढून दे ना’ एवढं एक वाक्य, आणि रविवार गेला.

माझा गेला निवडणुकीपायी. ताई तारोडीला राहते. (कुठे आलं हे? भाईंदर पश्चिमेला उतरायचं, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनच्या वाटेला लागायचं. धारावी देवीचं देऊळ आहे, ते गाव. ती मुंबईतली धारावी वेगळी.) तिच्या लेकीच्या हातात दहावीचं ‘इतिहास व राज्यशास्त्र’ आहे. चाळीस मार्कांचा पेपर, त्यात राज्यशास्त्राचा वाटा छोटासा. त्यातला दुसरा धडा ‘निवडणूक प्रक्रिया’. या विषयावर शाळकरी मुलांसाठी नेटवर काय काय आहे, ते बघायचं ठरलं. कॉफी घेतली, लॅपटॉप उघडला. दोन तासांचं काम, असा अंदाज होता.

सर्च केल्यावर सगळ्यात चकाचक माल कुठला मिळावा? अमेरिकेचा! तिथल्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर २००६ मध्ये निवृत्त झाल्या. मुलांना न्यायालय, संसद, निवडणूक यातलं ओ की ठो कळत नाही, या काळजीनं त्यांनी २००९ मध्ये एक ऑनलाइन प्रकल्प सुरू केला. तोच पुढे ‘आयसिव्हिक्स’ झाला. फुकट आहे आणि खरंच सॉलिड आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा गेम आहे. मुद्दे निवडायचे, पैसा उभा करायचा, कुठल्या राज्यात किती वेळ घालवायचा ते ठरवायचं. भाचीला अर्ध्या तासात कळलं की ५३८ पैकी २७० मिळाले की जिंकलो. ‘मामा, पेनसिल्व्हेनिया गेलं ना हातातून!’ असं ती अगदी कळवळून म्हणाली.

मी म्हटलं, ठीक आहे. तारोडी कुठल्या प्रभागात येतं?

शांतता. मग माझ्याकडेच बघून, ‘कुठला प्रभाग, मामा?’

तर मंडळी, गोची इथे आहे. जी निवडणूक आपल्यापासून जितकी लांब, तिचं शिकवण्याचं साहित्य तितकं देखणं. वॉशिंग्टनचा गेम आहे, दिल्लीचे व्हिडिओ आहेत. आपल्या गल्लीतल्या गटाराचा निकाल जिथे लागतो, तिथे पोचेपर्यंत नेटचा उत्साह संपलेला असतो.

देशी मालाला नावं ठेवायची नाहीत हं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. २०१७ पासून ‘दीक्षा’ हा सरकारी प्लॅटफॉर्म आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कधी छान असतं, कधी कुणीतरी पुस्तकच वाचून दाखवत असतं. भारत निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘इलेक्टोरल लिटरसी क्लब’ काढले, २०२३ मध्ये चक्क चाचा चौधरीला निवडणुकीच्या दंगलीत उतरवून कॉमिक्स आणलं. आपण ज्याच्यावर वाढलो तो चाचा, त्यामुळे मी जास्त वेळ तिथेच रमलो, भाचीनं दोन पानांत सोडून दिलं.

मराठीत मात्र खरा पूर आहे तो एमपीएससीच्या क्लासवाल्यांच्या व्हिडिओंचा. कलम कितवं, घटनादुरुस्ती कितवी, लक्षात ठेवायची ट्रिक काय... चार तास सलग बघा, नगरसेवक नेमकं काय करतो ते कळणार नाही, पण कलम २४३ क्यू पाठ होईल. परीक्षा देणाऱ्यांसाठी ते उपयोगी असेलही. पंधरा वर्षांच्या पोरीला त्यातून मतदान कळेल, असं मला वाटत नाही.

आता तिची बाजू ऐका. ही मुलगी २०२२-२३ मध्ये सहावीत होती. सहावीच्या नागरिकशास्त्रात ‘शहरी स्थानिक शासनसंस्था’ हा धडा आहे. महापालिका, नगरसेवक, महापौर, मुदत पाच वर्षं. तिनं तो पाठ केला, पेपरात लिहिला, मार्कही मिळवले. आणि नेमक्या त्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेची मुदत संपली. त्याआधीची निवडणूक ऑगस्ट २०१७ ची. मुंबईची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. घटनेचं कलम २४३ यू म्हणतं की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. झाली कधी? आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश, मग आणखी मुदतवाढ, आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकदम. म्हणजे ही पोर सहावीतून नववीत गेली, तोवर पुस्तकातल्या नगरसेवक नावाच्या प्राण्याचा तिच्या शहरात पत्ताच नव्हता! प्रशासक होता, आणि प्रशासकावर धडा नाही.

याचा परिणाम फक्त पेपरावर झाला असता तर सोडून दिलं असतं. तारोडीच्या शेजारच्या डोंगरीत मेट्रो ९ ची कारशेड करायची ठरली. आधी ती राई-मुर्धा-मोर्वा भागात व्हायची होती, गावकऱ्यांनी विरोध केला, मग डोंगरीवर सरकली. हजारो झाडांचा प्रश्न आला, २०२५ मध्ये हरकती मागवणारी नोटीस निघाली. झाडं तोडायची परवानगी वृक्ष प्राधिकरणाच्या हातात. कायद्यातली त्याची रचना अशी, की आयुक्त अध्यक्ष आणि नगरसेवक सदस्य. पण नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर? उत्तनच्या कचरा प्रकल्पाचा वास येतो म्हणून भांडायचं तर कोणाच्या दारात जायचं? मेट्रो हवी की झाडं, यावर तारोडीत दोन मतं असू शकतात, माझ्या ताईच्या घरातच आहेत. पण ती मतं सभागृहात मांडायला साडेतीन वर्षं कोणी निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. हा ‘निवडणूक प्रक्रिया’ धड्याचा सगळ्यात जिवंत भाग, आणि तो एकाही रेडिमेड लेसनमध्ये मला सापडला नाही.

दुसरी गंमत. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे मुंबई. तिथे २२७ जागा, २२७ प्रभाग, एका मतदाराला एक मत. नाका ओलांडून मीरा रोडला या, तिथे ९५ जागा पण प्रभाग फक्त २४. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, म्हणून मतदाराची चार मतं. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, आणि सगळी मतं दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. निम्म्या जागा महिलांना राखीव, हे २०११ पासून. एक बटण दाबून बाहेर निघालेल्या कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांना आतल्या कर्मचाऱ्यांनी परत बोलावलं असेल! मुळात ही निवडणूक घेणारा आयोगही वेगळा. लोकसभा-विधानसभा घेतो तो दिल्लीचा भारत निवडणूक आयोग, पालिका-पंचायती घेतो तो १९९४ मध्ये स्थापन झालेला आपला राज्य निवडणूक आयोग. माझ्या ऑफिसात चहाच्या मशिनपाशी विचारून पाहिलं. एमबीए, सीए, इंजिनीअर. एकालाही सांगता आलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की शिकवण्यासाठी बनवलेलं साहित्य थोडं बाजूला ठेवा. खरे कागद उघडा. ते सगळे ऑनलाइन आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, पण मुलांना ते जास्त आवडतात, कारण त्यात हेरगिरीची मजा आहे.

सगळ्यात मजा उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांत. गुन्ह्यांचे खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, पाच वर्षांचं उत्पन्न, बायकोचं किंवा नवऱ्याचं सोनं, सगळं तिथे. हे आपोआप मिळालेलं नाही. आयआयएम अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ‘एडीआर’ ही संस्था काढली, कोर्टात गेले, आणि २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी ही माहिती देणं उमेदवारांना बंधनकारक झालं. आयोगाच्या साइटवर मूळ स्कॅन असतात, एडीआरच्या ‘मायनेता’वर सोपे तक्ते असतात. आम्ही १४५ मीरा-भाईंदर मतदारसंघातले विधानसभेचे उमेदवार घेतले आणि नावं, पक्ष झाकून फक्त आकड्यांचे तक्ते केले. मग भाचीला म्हटलं, आता मत दे. पंधरा मिनिटं ती गप्प. मग म्हणाली, ‘याच्यावरचे खटले कसले आहेत ते बघू दे आधी. आंदोलनाचे असतील तर वेगळं.’ बॉस, एवढा विचार आपण बूथवर जाताना करतो? २०१९ आणि २०२४ असं दोन्ही वेळा जो उभा होता, त्याची मालमत्ता किती टक्क्यांनी वाढली ते काढायला लावलं, तर गणिताचीही सोय होते.

दुसरा कागद फॉर्म २०. विधानसभेला कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर मिळतो. आपले आई-बाबा ज्या शाळेत मत देतात, त्या खोलीचा निकाल मुलांना काढता येतो. आपला बाक जिथे आहे तिथेच हे सगळं घडलं, याचं त्यांना भारी अप्रूप वाटतं.

आणि एक गोष्ट नेटवर शोधायचीच नाही. शाळेतले सर आणि बाई! निवडणुकीची ड्युटी केलेले शिक्षक बहुतेक शाळांत सापडतात. मतदानाच्या दिवशी पहाटे प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचं मॉक पोल कसं करतात, मशिन सील कसं करतात, रात्री सामान जमा करायला रांगेत किती वेळ जातो, हे त्यांना विचारा. पुस्तकातला धडा शिकवताना हे सांगायचं त्यांना सुचत नाही किंवा भीती वाटते, कुठे पक्षाचं नाव निघालं तर पालक येतील भांडायला. भीती अगदीच खोटी नाही. पण मॉक पोलला पक्ष नसतो.

राहिला फॉर्म ६. मतदार यादीत नाव घालायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. तारखांचं गणित दिसतं त्याहून कडक आहे. जानेवारी २०२६ च्या पालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा झालेल्यांना मतदानाच्या दिवशी सज्ञान असूनही घरीच बसावं लागलं. भाचीचा वाढदिवस मे २०११ चा. मे २०२८ मध्ये ती फॉर्म भरू शकते. २०२९ ची लोकसभा एप्रिल-मे मध्ये झाली तर हुकणार, त्याच वर्षअखेरची विधानसभा मिळणार. पालिका वेळेवर झाली, म्हणजे २०३१ च्या सुरुवातीला, तर तिथेही तिचं नाव असेल. हे तिनं स्वतः काढलं आणि वहीत चौकट करून लिहिलं.

प्रोजेक्टमध्ये आता फक्त प्रभागाचा नकाशा चिकटवायचा राहिलाय. पीडीएफ डाउनलोड झाली आहे. ए थ्री साइजचा कलर प्रिंट ऑफिसात कोणी बघायच्या आत काढायचा, एवढंच माझ्याकडे आहे.