उंबरठा ते उंबरठा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पृथ्वीचा जुना गोल खाली आला. धाकट्या मुलीने तो पुसला आणि विचारले, "बाबा, काकाची अमेरिका किती लांब?"

प्राध्यापकाला प्रश्न विचारला की त्याचे व्याख्यान होते! मी दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरले, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान नि सहारा ओलांडून जाते. गोलावर मात्र दोरा उत्तरेकडे सरकला आणि नॉर्वे-स्वीडनवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी शिवून खाली उतरला. सर्वांत जवळची वाट तीच : सुमारे १२,५०० किलोमीटर. वारा आणि देशांच्या हद्दी पाहून विमाने थोडी इकडेतिकडे होतात, एवढेच. थेट विमानाला जायला सोळा तासांच्या आसपास लागतात. येताना तास-दीड तास कमी, कारण वरच्या हवेतले पश्चिमी वारे पाठीशी असतात. १९४८ साली एअर इंडियाचे पहिले विमान लंडनला गेले, ते कैरो, जिनिव्हा असे मुक्काम घेत. न्यूयॉर्कची फेरी १९६० साली सुरू झाली.

"म्हणजे काका पंधरा तासांत येतो?" मुलगी म्हणाली.

माझे व्याख्यान तिथेच थांबले. हेच उत्तर मी एकदा दिले होते.

आमचे नाना तीस वर्षे चर्चगेटच्या एका कचेरीत जात होते. वालीवहून वसई रोड स्टेशन आणि पुढे लोकल. कोणी "चर्चगेट काय, सव्वा तास!" असे म्हटले की नाना हसत. "तो गाडीचा वेळ झाला. घराचा वेळ सांगा," म्हणत.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत नाना शेवटच्या दुखण्यात होते. संध्याकाळी सहा वाजता बाळूचा फोन आला, "निघतो." नानांनी विचारले, "किती तास?" मी म्हटले, "पंधरा." त्यांनी घड्याळाकडे पाहून बोटे मोजली. "म्हणजे उद्या सकाळी नऊ."

बाळूचे घर ते विमानतळ, तिथे तीन तास आधी हजर राहणे, मग विमान, मग साहारच्या रांगा आणि सामान, मग हायवेवरची वाहनांची गर्दी. यातले काहीच मी मोजले नव्हते. नऊ वाजता नाना म्हणाले, "आला का रे?" दहाला पुन्हा विचारले. त्यानंतर विचारले नाही. साडेअकराला ते गेले. बाळू उंबरठ्यावर आला तेव्हा पाच वाजले होते.

मी खरा आकडा सांगितला असता तर नाना थांबले असते, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. पण मुलगा येता येता कुठे अडकला, या काळजीत त्यांचे शेवटचे अडीच तास गेले नसते. जन्मभर त्यांनी शिकवलेला हिशेब मी नेमका त्याच दिवशी विसरलो.

"चोवीस तास," मी मुलीला म्हटले.

"पण तुम्ही तर आत्ता—"

"ते विमानाचे. घराचे चोवीस."

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याकडेही कोणी दुरून येणार असेल. घरातली म्हातारी माणसे विचारतील, "किती तास?" त्यांना विमानाचा वेळ सांगू नका.