क्लाऊड : आरंभ औषधसाठ्यापासून करावा

क्लाऊड म्हणजे अधांतरी काही नव्हे. आपली माहिती इंटरनेटमार्फत दुसऱ्याच्या मोठ्या संगणककेंद्रात ठेवणे व हवी तेव्हा कोठूनही पाहणे, इतकाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली असे एक केंद्र पुण्यातच सुरू केले. गूगल ड्राइव्ह ही त्याच प्रकारची सेवा. थोडी जागा विनामूल्य, अधिक जागेस भाडे.

जुन्नर-आंबेगावच्या पावसाळ्यात वह्यांना ओल व कसर लागते. संगणक बिघडला तर वर्षांचा हिशेब जातो. म्हणून ही सोय स्वीकारावी, असे आम्हांस वाटते. मात्र क्रम विवेकाने ठरवावा.

प्रथम औषधसाठा ठेवावा : चूर्णे, आसवे, गुग्गुळकल्प यांचे बॅच क्रमांक, मुदत व देयके. नारायणगावचे औषधालय व घोडेगावची शाखा एकच यादी पाहू शकतील. ती परक्याच्या दृष्टीस पडली तरी रुग्णाचे काही बिघडत नाही.

रुग्णपत्रकांचे तसे नाही. वंध्यत्व, गुदरोग वा मनोविकार रुग्ण सांगतो तो केवळ वैद्यावर विश्वासून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. आपले हे कर्तव्य त्याहून फार जुने आहे. म्हणून रुग्णनोंदी संमती घेऊनच, स्वतंत्र खात्यात ठेवाव्यात. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरील पडताळणी असावी आणि तो पासवर्ड मदतनीसासही देऊ नये.

भीमाशंकरच्या परिसरात नेटवर्क गेले की क्लाऊडही दिसेनासा होतो. यास्तव एक प्रत पेनड्राइव्हवर, दवाखान्याच्या कपाटात कुलूपबंद असावीच.